ऑक्युपेशनल थेरपिस्टना आत्महत्येचा धोका ओळखण्याचं प्रशिक्षण सक्तीचं हवं का? (बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या मंडळींनी जरूर लिहा)

वडगावची_लेक (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी बेळगावात गेली चौदा वर्षं ऑक्युपेशनल थेरपीचं काम करते. "ओटी" म्हटलं की आपल्याकडं लोक ऑपरेशन थिएटर समजतात, म्हणून आधी थोडं सांगते. लकवा मारलेल्या माणसाला परत स्वतःच्या हातानं शर्टाची बटणं लावता यावीत, यंत्रात हात सापडलेल्या कामगाराला परत कामावर उभं राहता यावं, कण्याला मार बसून पाय गेलेल्याला चाकाच्या खुर्चीतून चुलीपर्यंत, दुकानापर्यंत, बांधापर्यंत जाता यावं, हे आमचं काम. आपल्या देशात याचं शिक्षण १९५० साली मुंबईच्या केईएममध्ये कमला निंबकर यांनी सुरू केलं. एवढा जुना आमचा पेशा, तरी गावात अजून "हाताला मालिश करणाऱ्या मॅडम" एवढीच ओळख.

आता मूळ मुद्दा. काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. प्रेस मशीनमध्ये हात सापडलेला एक तिशीतला कामगार माझ्याकडं येत होता. दोन बोटं गेलेली, उरलेली आखडलेली. त्या दिवशी त्याच्यासाठी स्प्लिंट, म्हणजे हाताला आधार देणारी पट्टी, बनवत होते. प्लास्टिकचा तो पत्रा गरम पाण्यात मऊ करायचा, पुसायचा आणि घट्ट व्हायच्या आत हातावर बसवायचा. दोन-चार मिनिटं रुग्णाचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून नुसतं बसावं लागतं. तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, एवढं कशाला करालाय? पुढच्या महिन्यात ही पट्टी कुणाला लागणार हाय?"

मी म्हटलं, "असं बोलू नये. सगळं नीट होतंय बघा." आणि पट्टा आवळला. तो हसला. मीही हसले.

पुढच्या दोन वेळा तो आला नाही. तिसऱ्या आठवड्यात त्याची बायको एकटीच आली. तो दुसऱ्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात होता. वाचला. दोन महिन्यांनी परत माझ्यासमोर येऊन बसला आणि आपणहून म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही विचारला असता तर मी सांगितलो असतो. कोण विचारलंच नाही."

साडेचार वर्षांच्या शिक्षणात मला स्नायूंची ताकद मोजायला शिकवलं, सांधा किती अंश वाकतो ते मोजायला शिकवलं. मानसोपचार विभागातही पोस्टिंग झालं होतं. पण समोरचा माणूस असं काही बोलला तर पुढचा प्रश्न कोणता विचारायचा, तो कसा विचारायचा आणि उत्तर "होय" आलं तर पुढच्या दहा मिनिटांत काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

नंतर वाचायला लागले. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यानं २०१२ मध्ये याचा कायदाच केला. तो मॅट अ‍ॅडलर या माणसाच्या नावानं ओळखला जातो. तो आत्महत्येनं गेल्यावर त्याच्या बायकोनं, ती तिथल्या विद्यापीठात प्राध्यापक, या कायद्यासाठी पाठपुरावा केला. त्यात मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशकांच्या बरोबरीनं ऑक्युपेशनल थेरपिस्टचंही नाव आहे. दर सहा वर्षांतून एकदा निदान ३ तासांचं प्रशिक्षण घ्यायचं, त्यात धोका ओळखणं आणि योग्य ठिकाणी पाठवणं शिकायचं. २०१४ मध्ये डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट यांनाही त्यात आणलं. केंटकी राज्यानंही २०१३ मध्ये आमच्या पेशाला अशा कायद्यात घेतलं.

आपल्याकडं अशी सक्ती नाही. २०२१ च्या कायद्यानं अलाइड हेल्थकेअरचा, म्हणजे डॉक्टर-नर्स सोडून बाकीच्या आरोग्य पेशांचा, राष्ट्रीय आयोग झाला, आमचा पेशा त्याच्या कक्षेत आला, म्हणजे नियम करायला आता जागा तरी आहे. माझं म्हणणं असं की हे प्रशिक्षण सक्तीचं व्हावं आणि ते रुग्णाच्या भाषेत व्हावं. दुसरा भाग मला पहिल्याहून जास्त महत्त्वाचा वाटतो. आपल्या सीमाभागात रुग्ण घरी मराठी बोलतो, बाजारात कन्नड बोलतो, केसपेपर इंग्रजीत असतो. जीव नकोसा झाल्याचं तो यातल्या कुठल्या भाषेत सांगणार?

तुमचे अनुभव लिहा.

खानापूरकर

ताई, धागा वाचून पोटात कालवलं. माझ्या चुलत्याला लकवा मारला तेव्हा थेरपीला मीच घेऊन जात होतो. त्यामुळं एक शंका विचारतो. "तुमच्या मनात जीव द्यायचं येतंय का" असं सरळ विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घातल्यासारखं होत नाही का? आमच्या घरात तर मरणाचं नाव काढलं तरी आजी ओरडायची. चुलते रोज म्हणायचे, "देवानं उचललं तर बरं होईल." आम्ही म्हणायचो, गप बसा की, चहा प्या. मग ते गप बसायचे.

घटप्रभा

मी मनोरुग्णांच्या क्षेत्रात सामाजिक कार्यकर्ती म्हणून काम करते, काही काळ धारवाडकडंही होते. खानापूरकर, तुमची शंका सगळ्यांची असते. यावर जगभर पुष्कळ अभ्यास झालाय आणि विचारल्यानं विचार येतो असं त्यातून दिसत नाही. उलट विचारल्यावर माणसाला हायसं वाटतं. इतके दिवस एकट्यानं वाहिलेलं कुणीतरी ऐकायला तयार आहे, एवढंच त्याला कळतं. तुमचे चुलते गप बसले ते विचार गेला म्हणून नाही, बोलायला जागा राहिली नाही म्हणून. यात तुमची चूक नाही. घरोघरी हेच होतं.

प्रशिक्षणात काय असतं ते सांगते, म्हणजे चर्चा नेमकी होईल. कोलंबिया विद्यापीठाची एक छोटी प्रश्नावली बरीच वापरली जाते. पहिला प्रश्न, झोपेतून उठूच नये, मरून जावं असं वाटतं का. दुसरा, स्वतःचा जीव घ्यायचा विचार येतो का. दुसऱ्याला "होय" आलं तर पुढं कसं करायचं याचा विचार केलाय का, तसं करायचा इरादा आहे का, सगळा बेत ठरवलाय का. "नाही" आलं तर मधले प्रश्न सोडून थेट शेवटच्याकडं, पूर्वी कधी प्रयत्न किंवा त्याची तयारी केलीय का, आणि केली असेल तर गेल्या तीन महिन्यांत का. पाच मिनिटांचं काम आहे. "देवानं उचलावं" हे पहिल्या पायरीवरचं बोलणं. पण पहिल्या पायरीवर कुणी भेटलं तर दुसरी विचारायची असते, तिथं थांबायचं नसतं.

आणि एक सांगते. हे निदान नव्हे. थेरपिस्टनं मानसोपचारतज्ज्ञ व्हायचं नाही. ओळखायचं, एकटं सोडायचं नाही, पुढं पोचवायचं.

निपाणी_नाका

मी फिजिओथेरपिस्ट आहे. धागाकर्तीच्या भावनेबद्दल पूर्ण आदर आहे, खरं मी सक्तीच्या विरोधात आहे. कारणं सांगतो.

सक्ती झाली की सर्टिफिकेट येतं आणि शिकणं जातं. एका दिवसात हॉलमध्ये शंभर जणांना बसवायचं, पडद्यावर इंग्रजी स्लाइड दाखवायच्या, सही घ्यायची, जेवण द्यायचं. अशी किती प्रशिक्षणं आपण केलीत! तीन तासांत माणसाला "मला आता कळतं" असा खोटा धीर येतो, तो अज्ञानाहून वाईट.

दुसरं, मी विचारलं आणि तो "होय" म्हणाला, तर मी त्याला पाठवू कुठं? माझा दवाखाना चिकोडीच्या बाजूच्या एका गावात आहे. मानसोपचारतज्ज्ञ तासाभराच्या अंतरावर, संध्याकाळी बस नाही, बरोबर म्हातारी आई. विचारून त्याला तसंच घरी सोडायचं का? आणि उद्या काही झालं तर "तुम्हाला माहीत होतं" म्हणून मलाच धरणार.

सीमाभागातला_वकील

शेवटच्या मुद्द्यापुरतं लिहितो. पोलीस केसची भीती लोकांच्या मनात खोल बसलीय, आणि ती जुन्या भारतीय दंड संहितेतल्या कलम ३०९ मुळं. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा, वर्षापर्यंत कैद. घरचे म्हणूनच "चुकून झालं" असं सांगतात. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नं सांगितलं की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच, उलट सिद्ध होत नाही तोवर, गृहीत धरायचं, त्याच्यावर खटला चालवायचा नाही आणि शिक्षा करायची नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यात ३०९ सारखं कलमच ठेवलेलं नाही. सरकारी नोकराला काम करायला भाग पाडण्यासाठी किंवा त्याला रोखण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा कलम २२६ मध्ये वेगळा आहे.

याच ११५ च्या दुसऱ्या भागाकडं धागाकर्तीचं लक्ष वेधतो. अशा माणसाला काळजी, उपचार आणि पुनर्वसन देणं हे सरकारचं कर्तव्य आहे असं तिथं लिहिलंय. पुनर्वसन म्हणजे तुमचंच काम. गंमत नव्हे, खेदाची गोष्ट अशी की याच कायद्यातल्या मानसिक आरोग्य व्यावसायिकांच्या व्याख्येत मानसोपचारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्कर, मानसिक आरोग्य परिचारिका आहेत, ऑक्युपेशनल थेरपिस्टचं नाव नाही. तुमच्या संघटनेनं मागणी करायची तर ती इथून सुरू करावी असं मला वाटतं.

आशा_पश्चिमभाग

मी आशा कार्यकर्ती आहे. जास्त लिहायला येत नाही. आमच्या पश्चिम भागात रताळी, बटाटा, भात. प्रत्येक घरात फवारणीचं औषध असतंय, माळ्यावर नाहीतर न्हाणीच्या कोपऱ्यात. आमच्या एका वस्तीत दोन वर्षांमागं एक प्रकार झाल्यावर मी आणि अंगणवाडीच्या बाईंनी मिळून सहा घरांचं औषध एका शेडात कुलपात ठेवायला लावलं. चावी एकाकडं. फवारणीच्या दिवशी मागून न्यायचं. लोक आधी कुरकुरले, आता सवय झाली. घरात कोण दुखण्यानं खचलेलं असेल तर हे आधी करा. प्रशिक्षणात हे पण शिकवा.

घटप्रभा

आशाताई, तुम्ही जे केलंत ते वॉशिंग्टनच्या प्रशिक्षणातही आहे, जीवघेण्या वस्तू हाताशी राहू नयेत याचं शिक्षण. श्रीलंकेत जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आली आणि १९९५ नंतर तिथलं आत्महत्यांचं प्रमाण खूप खाली आलं. तो कडेलोटाचा काळ बऱ्याचदा थोडा असतो. तेवढा निभावला तर माणूस निभावतो.

निपाणी_नाका, "पाठवू कुठं" याचं उत्तर अपुरं आहे, पण अगदीच नाही असं नाही. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक, ऑक्टोबर २०२२ पासून, चोवीस तास, फुकट. त्याचं मुख्य केंद्र बंगळूरच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत आहे, फोन लावल्यावर भाषा निवडता येते. रुग्ण समोर असतानाच, आपल्या फोनवरून, स्पीकर लावून फोन करायचा. नुसता नंबर चिठ्ठीवर लिहून देऊ नका, ती चिठ्ठी खिशात धुतली जाते. जिल्ह्याचा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात मंगळवारी सरकारच्या मनोचैतन्य कार्यक्रमाची ओपीडी असते. धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. आणि हा जिल्ह्याजिल्ह्यातला कार्यक्रम देशभर १९९६ पासून सुरू झाला तो आपल्याच कर्नाटकातल्या बळ्ळारीच्या प्रयोगावरून, हे विसरू नये. आपल्या भागात करून दाखवता येतं.

संध्याकाळी बस नसेल तर काय? तर तिथंच बसून कागदावर त्याच्याबरोबर लिहायचं. मन कधी बिघडायला लागतं, तेव्हा स्वतःला सावरायला काय करतो, कुणाच्या घरी जाऊन बसता येतं, कुणाला खरं सांगता येतं, दवाखान्याचा कुठला फोन, आणि घरातली कुठली वस्तू आज रात्रीच बाहेर जाईल. स्टॅन्ली आणि ब्राउन या दोघांनी ही पद्धत बसवलीय. म्हाताऱ्या आईलाही समोर बसवून, त्याच्या परवानगीनं. त्या रात्री तो एकटा राहणार नाही एवढं बघायचं, आणि सकाळी आपण फोन करायचा.

वडगावची_लेक (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. निपाणी_नाका, तुमचं बोलणं मला टोचलं कारण ते खरं आहे. तसली प्रशिक्षणं मीही केलीत. तरी मी सक्तीच्याच बाजूनं आहे, कारण आपखुशीनं शिकणारे माझ्यासारखे, ज्यांना एकदा ठेच लागलीय. ज्याला अजून लागलेली नाही तो हॉलमध्ये येणारच नाही. ठेच मला लागली खरी, जीव जाणार होता त्याचा.

आणि आम्हीच का, हेही सांगते. सरकारी आकडे २०२२ चे बघा. देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद, त्यात कौटुंबिक अडचणींच्या खालोखाल कारण आजारपण, १८.४ टक्के. हा आजारी माणूस डॉक्टरसमोर पाच मिनिटं बसतो. आमच्यासमोर पाऊण तास, आठवड्यातून तीनदा, महिनोन् महिने. त्याला एका हातानं भाकरीचा तुकडा मोडायला आम्ही शिकवतो. न्हाणीत कसं जायचं हे तो लाजत आम्हाला विचारतो. संडासाला बायकोची मदत घ्यावी लागते याचं दुःख तो आम्हाला सांगतो. "ओझं झालोय" हा शब्द मी जितक्यांदा ऐकलाय तितका कुठल्या मानसोपचारतज्ज्ञानं ऐकला असेल का, शंका आहे.

भाषेचं सांगते. मागल्या वर्षी मी एक ऑनलाइन प्रशिक्षण घेतलं. चांगलं होतं, पण इंग्रजीत. त्यातला प्रश्न मी घरी बसून मराठीत केला, "तुमच्या मनात आत्महत्येचे विचार येतात का?" तो रुग्णांना विचारला की सगळे "छे छे" म्हणायचे. आत्महत्या हा शब्द पेपरातला, पोलिसांचा. तो स्वतःच्या बाबतीत कोण वापरतो? मग मी रुग्णांचेच शब्द वहीत उतरवायला लागले. जीव नको झालाय. आता माझं काय राहिलंय. सुटलो असतो तर बरं. तुम्ही तरी किती दिवस करणार. कन्नड बोलणारे म्हणतात, "जीवा ब्यासरागैति," म्हणजे जीवाला कंटाळा आलाय. आता मी असं विचारते: "एवढं दुखणं सोसताना कधी कधी जीव नको होतो माणसाला. तुम्हाला तसं होतं का?" थांबते. होय म्हणाले तर, "मग जीव द्यायचं मनात येतं का?" हा दुसरा प्रश्न विचारताना अजूनही माझा घसा कोरडा पडतो. पण उत्तरं येतात.

खानापूरकर

हे प्रश्न लिहून घेतो ताई. चुलते आता नाहीत, आजारानंच गेले. खरं शेवटची दोन वर्षं आमच्याशी हवापाण्याशिवाय काही बोलले नाहीत. आता कळतंय.

निपाणी_नाका

ठीक. माझा विरोध थोडा बदलून सांगतो. सक्ती करायची तर तीन तासांतला निदान एक तास जोडीजोडीनं बसून प्रत्यक्ष विचारायचा सराव असावा, एकदा मराठीत, एकदा कन्नडमध्ये. पडद्यासमोर बसून सही नको. आणि प्रत्येक तालुक्यात पाठवायचं ठिकाण, फोन नंबर आणि तिथं बसणाऱ्या माणसाचं नाव आधी हातात द्यावं. जबाबदारीची भीती मला अजून वाटते, ती वकीलसाहेबांच्या उत्तरानं पूर्ण गेली नाही.

सीमाभागातला_वकील

जाणारही नाही. विचारलं ते, उत्तर आलं ते, फोन कुणाला केला, किती वाजता, हे केसपेपरवर त्याच दिवशी लिहा. न विचारणाऱ्यापेक्षा विचारून लिहून ठेवणाऱ्याची बाजू नेहमी भक्कम असते.

मलप्रभेकाठी

चार दिवस हा धागा नुसता वाचतेय. लिहू की नको होत होतं.

आमच्या ह्यांना लकवा मारला होता, उजवी बाजू. थेरपीचे एक सर घरी यायचे, चांगले होते, मनापासून करायचे. सहा महिन्यांत हे काठी धरून परसात जायला लागले. एक दिवस सकाळी मला म्हणाले, "माझी पाण्याची पाळी आता तू धर. मोटारीची चावी कुठं असते, स्टार्टर कसा दाबायचा, चल दाखवतो." आठ महिन्यांत पहिल्यांदा ते शेतात आले. बांधावर बसून मला सगळं समजावलं. पाण्याचं कुठलं दार आधी फोडायचं, कुणाचं देणं किती, सोसायटीचं पासबुक कुठं. मला इतका आनंद झाला की माणूस परत संसारात लक्ष घालायला लागला. संध्याकाळी सरांना सांगितलं, त्यांनाही बरं वाटलं. वहीत लिहिलं त्यांनी, "प्रगती चांगली." ती वही आहे माझ्याकडं.

तिसऱ्या दिवशी ते गेले. या श्रावणात सहा वर्षं होतील.

सरांना मी कधी दोष दिला नाही. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, मलाही कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्या वहीत शब्द लिहिता म्हणालात, म्हणून लिहिलं.

वडगावची_लेक (धागाकर्ती)

अक्का, तुमची पोस्ट वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. तुम्ही लिहिलंत ते कुठल्या पुस्तकात मला मिळालं नसतं. निरवानिरव करणं हे धोक्याचं लक्षण म्हणून शिकवतात, पण उदाहरण देतात ते आवडत्या वस्तू वाटून टाकण्याचं. पाण्याची पाळी हातात देणं हे तुमच्यामुळं कळलं. तुमच्या जागी मी असते तर मलाही आनंदच झाला असता. हे फक्त धीर द्यायचा म्हणून म्हणत नाही.

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही पाच-सहा थेरपिस्ट अर्धा दिवस बसून सराव करायचं ठरवतोय, सक्ती येईल तेव्हा येईल. घटप्रभा यायला तयार आहेत. निपाणी_नाका, तुम्हीही या. अक्का, तुमच्या परवानगीनं, नाव-गाव न सांगता, पाण्याच्या पाळीचं हे वाक्य मी तिथं पहिल्यांदा सांगेन.

मलप्रभेकाठी

सांगा. नक्की सांगा.

खानापूरकर

कन्नडमधलं पण लिहून ठेवा ताई. आमच्याकडं "नीरिन पाळी इन्न नीन नोडको" असं म्हणतील.